दुरुस्त होण्यासारखी वस्तू भंगारात जाऊ नये म्हणून: तुमच्याकडे कोण, काय, कसं दुरुस्त करतं?

शेवंती (पुणे)

नमस्कार मंडळी,

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत दिवाळीच्या साफसफाईआधी एक 'दुरुस्ती दिवस' भरवायचं चाललंय. क्लब हाउसमध्ये इलेक्ट्रिकची कामं करणारे दोन कारागीर, एक शिंपी, एक सायकलवाले आणि जमलं तर कल्हईवाले बसतील. लोकांनी घरातल्या बंद पडलेल्या, फाटलेल्या, खिळखिळ्या झालेल्या वस्तू घेऊन यायचं. कल्पना बहुतेकांना आवडली आहे, पण तपशिलात अडकलोय, म्हणून हा धागा.

दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर पार्किंगमध्ये ढीग साचतो. टेबल फॅन, मिक्सर, इस्त्र्या, एक चाक गेलेल्या ट्रॉली बॅगा, चेन तुटलेल्या सॅक, मुलांच्या सायकली. आमच्याकडे कचरा गोळा करायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात. त्यातल्या एकींनी गेल्या वर्षी ढिगातला टेबल फॅन उचलला, पातं बोटाने फिरवून बघितलं, ते मोकळं फिरलं. "कंडेन्सर गेलं आसंल," म्हणाल्या. आणि तेवढंच, म्हणजे मोटर सुरू करायला लागणारा कपॅसिटर, गेलेला निघाला.

पंखा भंगारात किलोवर गेला की त्याची किंमत लोखंड आणि तांब्याची. सुटे भाग म्हणून गेला तर थोडी जास्त. चालू करून वापरला तर तो पंखा असतो. यातली सगळ्यात खालची पायरी आपण सरळ पहिलीच गाठतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ई-कचऱ्याचा डबा ठेवला की आपली जबाबदारी संपली असं होऊन बसलंय. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाला, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. डब्यावर विसंबून भागणार नाही हे त्यावरून कळतं.

तर, कुठल्या वस्तू एका दिवसात टेबलावर दुरुस्त होतात आणि कुठल्या घ्यायच्याच नाहीत? सुटे भाग आधी आणून ठेवायचे तर कोणते? कारागिरांना पैसे कसे द्यायचे? काही सभासदांना सगळं मोफत हवंय. आणि फक्त सोसायटीपुरतं नको, तुमच्या गावात-तालुक्याला अजून काय दुरुस्त होतं तेही लिहा.

---

वायरमन_काका (पुणे)

शेवंतीताई, जरूर करा. माझं आयुष्य वायरिंग आणि मोटरींत गेलं, त्यावरून सांगतो.

टेबलावर होणारी कामं पुष्कळ आहेत. पंखा हळू फिरतो, किंवा नुसता गुणगुणतो आणि हाताने ढकलल्यावरच सुरू होतो, तिथे बहुतेक वेळा कंडेन्सर. छताच्या पंख्यांना सहसा अडीच मायक्रोफॅरडचं लागतं, ते आधीच आणून ठेवा. टेबल फॅनचे बुश (दांडा ज्यात फिरतो त्या बाह्या) कोरडे पडतात, साफ करून तेल दिलं की बरीच वर्षं काढतात. मिक्सरमध्ये कपलर (मोटर आणि भांडं जोडणारा दातेरी भाग), कार्बन (मोटरचे ब्रश) आणि भांड्याचा बुश, ही तीन दुखणी. त्याआधी मिक्सर उलटा करून खालचं लाल बटण दाबायला सांगा. ते ओव्हरलोडचं असतं. ते उडालं म्हणून चांगले मिक्सर टाकून देतात लोक. इस्त्रीची वायर मुळाशी, जिथे वाकते तिथे, आतून तुटलेली असते. कुकरला गास्केट, सेफ्टी व्हॉल्व्ह, हँडलचे स्क्रू. हे सगळं तापकीर गल्लीत मिळेल. जुन्या मॉडेलचा भाग तिथे नसेल तर रविवारी किंवा बुधवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर मारा.

घेऊ नका असं स्पष्ट लिहा: मायक्रोवेव्ह (प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर जीवघेणा शॉक देऊ शकतो), गॅस गीझर, फुगलेल्या बॅटऱ्या, जुने काचेच्या नळीचे टीव्ही, फ्रिज-एसीचं गॅसचं काम.

आणि एक सिरीज बोर्ड बनवून ठेवाच. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब होल्डरमध्ये घालून वस्तूच्या सिरीजमध्ये जोडायचा. आलेली प्रत्येक वस्तू आधी या बोर्डावर लावायची. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर आत शॉर्ट आहे किंवा वस्तूच तेवढी जड भार ओढणारी आहे, मंद पेटला तर मोटर ठीक, पेटलाच नाही तर कुठेतरी वायर तुटलीय. क्लब हाउसचा फ्यूज उडत नाही आणि कारागिराचं अर्धं निदान तिथेच होतं. दुरुस्त झालेली वस्तू परत देताना अर्थिंग तपासून द्या. तीन पिनांची इस्त्री दोन पिनांची वायर लावून परत गेली, तर ती दुरुस्ती नव्हे.

---

ट्युलिप (आइंडहोवन)

तुम्ही म्हणताय तसं इकडे नेदरलँड्समध्ये नियमित चालतं. पहिला 'रिपेअर कॅफे' १८ ऑक्टोबर २००९ ला ॲमस्टरडॅममध्ये मार्टिना पोस्टमा या पत्रकार बाईंनी भरवला. आता अनेक देशांत आहेत, आपल्या बंगळुरूतही २०१५ मध्ये सुरू झाला.

मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची पद्धत वाटते ती ही, की वस्तू ठेवून निघून जाता येत नाही. मालकाने शेजारी बसायचं. स्क्रू तो काढतो, दिवा तो धरतो, दुरुस्त करणारा बोलत बोलत दाखवतो. एकदा आतलं बघितलं की माणसाची त्या वस्तूबद्दलची भीती जाते, पुढच्या वेळी तो निदान उघडून तरी बघतो. आमच्या भागातल्या कॅफेत एक आजोबा व्हॅक्यूम क्लीनर उघडून सगळ्यांना आधी फिल्टर दाखवतात. बंद पडलेल्या बऱ्याच व्हॅक्यूम क्लीनरना फक्त तुंबलेला फिल्टर नडलेला असतो.

दुरुस्ती फुकट असते, दारात देणगीची पेटी असते, आणि 'दुरुस्त होईलच अशी हमी नाही' या कागदावर सही घेतात. तेवढा कागद तुम्हीही करा.

---

कडुनिंब (नाशिक)

मोफत या मुद्द्यावर मला कळकळीने लिहायचंय.

माझ्या वडिलांचं नाशकात मिक्सर-गीझर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. युरोपात दुरुस्ती करणारी दुकानं जवळजवळ संपली होती, मजुरी परवडत नव्हती, म्हणून तिथे हौशी लोकांनी फुकट करणं योग्य. आपल्याकडे दुकानं अजून आहेत, कशीबशी. तुमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावरही एक असेल. त्याचं काम तुम्ही एक दिवस फुकट केलंत तर त्याच्या पोटावर पाय येतो, आणि लोकांच्या मनात ठसतं की दुरुस्तीला पैसे द्यायचे नसतात. हे दुसरं जास्त वाईट.

पंधराशेचं जेवण हॉटेलात करून येणारा माणूस दुकानात मिक्सरच्या दीडशे रुपये मजुरीवर घासाघीस करतो. "नुसता एक स्क्रू तर फिरवला!" कुठला फिरवायचा हे कळायला बाबांची उमेदीची वर्षं गेलीत. दुकानात शिकाऊ मुलगा टिकत नाही, कारण डिलिव्हरीच्या कामात त्याला जास्त मिळतात. बाबांनंतर हे दुकान कोण चालवणार, मला माहीत नाही. मी चालवणार नाही, हेही खरं.

दुसरं दुखणं सुट्या भागांचं. एका मोठ्या कंपनीच्या मिक्सरचं कपलर बाहेरच्या दुकानांना मिळेनासं झालंय, फक्त त्यांच्या सेवा केंद्रात मिळतं. तिथे गेलं की सांगतात, मॉडेल बंद झालं, नवीन घ्या, जुन्यावर सूट देऊ. कपलरपायी अख्खा मिक्सर जातो. सोसायटीने दुरुस्ती दिवस करावाच, पण कारागिराला दिवसाची पूर्ण मजुरी द्या, सुट्या भागांचे पैसे मालकाकडून घ्या आणि त्याच्या दुकानाचा पत्ता ठळक लावा. म्हणजे पुढचे अकरा महिने लोक त्याच्याकडे जातील.

---

चिंधी (कोल्हापूर)

कडुनिंब, शब्दाशब्दाला अनुमोदन.

---

गणिती (ठाणे)

दुरुस्तीच्या बाजूचा मीही आहे, पण सगळंच दुरुस्त करावं असं नाही. हिशोब मांडून बघा.

जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो. नवा बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) ३० च्या आसपास. फरक ४५ वॅट. हॉलमध्ये रोज १२ तास, वर्षातले ३०० दिवस चालत असेल तर १६२ युनिट वाचतात. युनिटला ९ रुपये धरले तर वर्षाला साधारण १,४५० रुपये. तीन हजारांचा पंखा दोनेक वर्षांत फिटतो. असा पंखा जळला तर मोटर पुन्हा भरून (आतली जळकी तार काढून नवी गुंडाळून) घेण्यापेक्षा बदललेला बरा. पण तोच पंखा पाहुण्यांच्या खोलीत रोज आठ तास, वर्षातून सहा महिने चालला, तर वाचतात ६५ युनिट, आणि पैसे फिटायला पाच वर्षं लागतात. तिथे कंडेन्सर बदला आणि चालू द्या.

मोबाइलचं उलटं आहे. चार्जिंगला वीज नगण्य लागते, त्याचा बहुतेक कार्बनभार कारखान्यातच होऊन गेलेला असतो. म्हणून फोनच्या बाबतीत बॅटरी आणि स्क्रीन बदलून वर्षं वाढवणं जवळपास नेहमीच योग्य. फ्रिज, एसी यांचा हिशोब मात्र वापराच्या विजेवर ठरतो. बीईईच्या (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते बघा. आणि नवा फ्रिज घेऊन जुना गावच्या घरी चालू ठेवला तर बचत शून्य, उलट भर.

---

वायरमन_काका (पुणे)

गणितीसाहेब, हिशोब पटला. एक जोडतो. जुन्या पंख्यात बिघडायला फार काही नाही, गल्लीतला कोणीही दुरुस्त करतो. बीएलडीसीत सर्किटचा बोर्ड असतो. व्होल्टेज वरखाली झालं की तो जातो, आणि त्याच कंपनीचा तोच बोर्ड लागतो. घेताना दुकानदाराला विचारा, बोर्ड सुटा मिळतो का, कितीला, वॉरंटी संपल्यावरही मिळेल का. उत्तर मिळालं नाही तर दुसरी कंपनी बघा.

वॉशिंग मशीन घेतानाही तेच. काही मशीनचा बाहेरचा टब वेल्ड करून बंद केलेला असतो. आतलं बेअरिंग गेलं की बेअरिंग बदलता येत नाही, अख्खा टब घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकून लोक नवीन मशीन घेतात. स्क्रूने जोडलेला टब असेल तर बेअरिंग बदलून मशीन पुढे चालतं. हे दुकानात उभ्या उभ्या विचारता येतं.

---

पाटाचं_पाणी (सांगली जिल्हा)

शहरातले पंखे-मिक्सर चाललेत, तर शेतीचं सांगतो. आमच्याकडे दुरुस्ती बंद पडली तर ऊसच वाळेल.

एक फेज गेला आणि मोटर दोन फेजवर ओढत राहिली की जळते. त्यात रात्रीची लाइट, व्होल्टेज कमी, शेतकरी घरी झोपलेला, लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून स्टार्टरला ऑटो लावलेलं. सकाळी विहिरीवर जळकट वास. मग मोटर वर काढायची, टेम्पोत घालायची, तालुक्याला भरायला न्यायची. हंगामात त्या दुकानांत मोटरींची रांग असते. पाच एचपीची मोटर भरून आणणं नवीन घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं, म्हणून एकेक मोटर कितीदा तरी भरली जाते.

पण भरणाऱ्या-भरणाऱ्यात फरक आहे. मी ज्यांच्याकडे देतो ते आधी जुनं वाइंडिंग (गुंडाळलेली तार) बघून टर्न म्हणजे वेढे आणि तारेचं गेज म्हणजे जाडी वहीत लिहितात, मग कापतात. जुनी तार निघावी म्हणून काही जण अख्खा स्टेटर (मोटरचा न फिरणारा, तार भरलेला भाग) आगीत टाकतात. तार पटकन निघते, पण पत्र्यांवरचा थर जळतो. मग मोटर भरून आली तरी रिकामी चालताना तापते, वीज जास्त खाते आणि पुन्हा लवकर जाते. लोक म्हणतात, "भरलेली मोटर टिकत नाही." नीट भरलेली टिकते. स्लॉट साफ करून, व्हार्निश पूर्ण वाळवून भरली तर नव्यासारखी चालते. जळक्या तांब्याचं वजन समोर करून घ्या, ते तुमचं आहे. ते बिलातून वळतं करायचं असतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, बसवा. भरायच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

---

लालपरी (पुणे)

मी एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालो. दुरुस्ती आणि पुनर्वापर मोठ्या प्रमाणावर कसा चालतो हे बघायचं असेल तर आपल्या महामंडळाकडे बघा असं मी अभिमानाने म्हणतो.

दापोडी, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा, अशा तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. तिथे नुसती दुरुस्ती नाही, गाडीची पूर्ण बांधणी होते. मधल्या काळात जुन्या ॲल्युमिनियमच्या बॉडीच्या गाड्या घेतल्या, बॉडी उतरवली, चासी (गाडीचा खालचा लोखंडी साटा) तपासली आणि त्याच चासीवर माइल्ड स्टीलची नवी, जास्त मजबूत बॉडी चढवली. प्रवाशाला नवी गाडी दिसते, खाली चासी जुनीच असते. उतरवलेल्या बॉडीतलं ॲल्युमिनियमही वाया जात नाही.

टायरचं तसंच. महामंडळाचे स्वतःचे टायर रिमोल्डिंगचे कारखाने आहेत. नवा टायर पुढच्या चाकाला, झिजला की वरचा थर खरवडून नवीन रबर चढवायचं आणि मागच्या चाकाला लावायचं. सांगाडा शाबूत असेल तोवर टायर मरत नाही. मात्र कोणता सांगाडा रिमोल्डला घ्यायचा हे तपासणारा माणूस फार जाणता लागतो. टायर आतून उघडून दिव्याखाली हात फिरवत बघतो. दोरा तुटलेला असेल, फुगा असेल तर बाजूला काढतो. तिथे तडजोड केली तर रस्त्यावर माणसं जातात.

इंजिन, गिअरबॉक्स रिकंडिशन करून तयार ठेवलेले असतात. गाडीचं इंजिन बिघडलं तर गाडी थांबवून ठेवायची नाही, तयार इंजिन बसवायचं आणि बिघडलेलं कार्यशाळेत पाठवायचं. घरगुती वस्तूंच्या कंपन्यांनी हीच पद्धत का धरू नये? बिघडलेला बोर्ड घ्या, दुरुस्त केलेला बोर्ड द्या. ग्राहकाला दोन आठवडे थांबायला नको.

---

शेवंती (पुणे)

लालपरी काका, ही माहिती मला अजिबात नव्हती. शेवटची सूचना तर कंपन्यांना पत्र लिहून कळवण्यासारखी आहे. दापोडीची कार्यशाळा मुलांना दाखवायला परवानगी मिळते का?

---

ग्राहकमित्र (मुंबई)

कडुनिंब यांनी सुट्या भागांचं लिहिलंय त्यावर. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टु रिपेअर'साठी (दुरुस्तीच्या हक्कासाठी) समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यात धरली आहेत. कंपन्यांनी मॅन्युअल, सुट्या भागांची माहिती, सेवा केंद्रं तिथे द्यावीत अशी अपेक्षा आहे. पुढे 'दुरुस्तीक्षमता निर्देशांका'साठी दुसरी समिती झाली, तिचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, कशा हत्यारांनी उघडते, सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं, माहिती उघड आहे का, यावर गुण द्यायचे आणि ते दुकानात दिसावेत, अशी ती कल्पना. फ्रान्समध्ये असा निर्देशांक जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर छापलेला असतो.

सुटा भाग नाकारला तर तोंडी ऐकून परत येऊ नका. 'अमुक मॉडेलचा अमुक भाग उपलब्ध नाही' हे लेखी मागा, ईमेल चालेल. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवा. लेखी नकार मागितल्यावर भाग 'सापडल्याची' उदाहरणं माझ्या पाहण्यात आहेत. आपण नोंदवतच नाही, म्हणून कागदावर सगळं आलबेल दिसतं.

---

ट्युलिप (आइंडहोवन)

दुरुस्तीच्या हक्काबद्दल युरोपीय संघाचा नवा नियम जून २०२४ मध्ये मंजूर झाला, सदस्य देशांनी तो ३१ जुलै २०२६ पासून लागू करायचा आहे. त्यातली मला आवडलेली तरतूद: हमीच्या काळात वस्तू बिघडली आणि तुम्ही बदलून न घेता दुरुस्त करून घेतली, तर हमी आणखी एक वर्ष वाढते. दुरुस्ती निवडणाऱ्याचं नुकसान होऊ नये असा विचार आहे. ऑस्ट्रियाने तर २०२२ मध्ये सरकारतर्फे दुरुस्तीचा निम्मा खर्च, २०० युरोपर्यंत, द्यायला सुरुवात केली होती. ते पैसे दुरुस्ती करणाऱ्या नोंदणीकृत दुकानांकडेच जायचे, म्हणजे कडुनिंब म्हणतात तेच.

---

जुनी_वही (सातारा)

कल्हईवाले जरूर बोलवा, पण जागा उघड्यावर द्या. नवसागराचा धूर होतो.

आमच्या आळीत येतात ते जमिनीत छोटा खड्डा करून कोळसा पेटवतात, भाता लावतात. पातेलं आधी वाळू आणि राखेने घासून लख्ख करायचं, मग निखाऱ्यावर फिरवत तापवायचं. पुरेसं तापलं की आत नवसागराची पूड टाकतात, पांढरा धूर निघतो, आणि त्याच क्षणी कथलाची कांडी आतून टेकवतात. कथील वितळतं. मग कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवायचं. तांबूस-पिवळं पातेलं डोळ्यांदेखत चांदीसारखं होत जातं. लगेच पाण्यात बुडवलं की चर्र.

कल्हई उडालेल्या पितळेत ताक, आमटी, चिंचेचं काही ठेवलं की कळकतं, म्हणून लोक ती भांडी माळ्यावर टाकतात नाहीतर मोडीत घालतात. कल्हई केली की तेच पातेलं नातवंडांपर्यंत जातं. दोन गोष्टी सोसायटीत सांगा. कथील शुद्ध हवं, त्यात शिसं मिसळलेलं नको, स्वस्त दर सांगितला तर विचारा. आणि कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर तापवत ठेवू नका. कथील २३२ अंशाला वितळतं, रिकाम्या भांड्याला तेवढं तापायला वेळ लागत नाही. पितळी चमच्याने खरवडूही नका, लाकडी डाव वापरा.

---

चिंधी (कोल्हापूर)

कपड्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी बचत गटातल्या बायकांबरोबर गोधड्या शिवून घेते. जुन्या सुती साड्यांचे थर, चारी बाजूंनी आत येत जाणारा धावदोरा, कोपऱ्यांना तुकडे. चांगली गोधडी एका बाईला सलग बसून बरेच दिवस घेते आणि ती तिच्या मजुरीएवढ्या किमतीला विकली जाणं फार अवघड आहे.

आमची खरी अडचण वेगळीच झालीय. जुन्या सुती साड्याच मिळत नाहीत. लोक प्रेमाने आणून देतात त्या सिंथेटिक. त्या घाम शोषत नाहीत, टाक्याखाली सरकतात, आणि उन्हाळ्यात अशी गोधडी अंगावर घेववत नाही. बोहारणीला विचारा, तीही हात लावून आधी कापड बघते, सुती आणि जरीचं वेगळं काढते. घेताना सुती घेतलेला कपडा पुढे उशीचा अभ्रा होतो, गोधडी होते, शेवटी फडकं होतं. मिश्र धाग्याच्या कापडाचं फडकंसुद्धा धड पाणी टिपत नाही. म्हणजे पुनर्वापराचा निर्णय दुकानात साडी निवडतानाच झालेला असतो, वायरमन काकांच्या त्या वेल्ड केलेल्या टबासारखा.

दुरुस्ती दिवसाला शिंपी बसवाल तेव्हा चेन, रनर, इलॅस्टिक आणि जाड दोरा ठेवा. सॅकची चेन बंद होत नसेल तर बहुतेक वेळा फक्त रनर (चेन ओढायचा सरकता भाग) सैल झालेला असतो. पूर्ण चेन बदलायची गरज नसते.

---

मोरपंखी (नागपूर)

एलईडी बल्ब घरी दुरुस्त करता येतात ना? वरचं प्लास्टिक काढायचं, काळा ठिपका पडलेला एलईडी शोधायचा आणि तिथे तार जोडून पुढे जायचं. व्हिडिओत बघितलं, सोसायटीत मुलांना शिकवायला छान आहे.

---

वायरमन_काका (पुणे)

ताई, मुलांना हे शिकवू नका. आत एलईडी ओळीने सिरीजमध्ये असतात, एक गेला की सगळे बंद होतात, त्यामुळे युक्ती चालते हे खरं. पण बहुतेक स्वस्त बल्बांत मेन लाइन आणि आतल्या पट्टीमध्ये कसलाही आडोसा नसतो. प्लास्टिक काढून चालू केलेल्या बल्बाच्या पट्टीला बोट लागलं तर थेट २३० व्होल्ट. शिवाय एक एलईडी वगळला की बाकीच्यांवर किंवा ड्रायव्हरवर ताण येतो, महिनाभरात दुसरा जातो. जाणता कारागीर जोडणी तोडून, पॅनेलच बदलून देत असेल तर ठीक.

बल्ब मुळात लवकर का जातात ते मुलांना दाखवा. बंदिस्त गोल काचेत बसवला की उष्णता बाहेर पडत नाही, आतला कपॅसिटर वाळतो आणि बल्ब जातो. मोकळ्या होल्डरला तोच बल्ब कितीतरी जास्त चालतो.

---

मोरपंखी (नागपूर)

समजलं काका. बरं झालं विचारलं. धन्यवाद.

---

शेवंती (पुणे)

मंडळी, काल समितीची बैठक झाली. कडुनिंब यांचा प्रतिसाद मी वाचून दाखवला. मोफतचा आग्रह धरणाऱ्या काकूंनीच मग कारागिरांच्या मजुरीसाठी पहिली वर्गणी दिली. दिवसाची मजुरी सोसायटी देणार, सुट्या भागांचे पैसे ज्याचे त्याने. कल्हई गेटजवळच्या मोकळ्या जागेत. ज्या वस्तू होणार नाहीत त्यांची नोंद ठेवणार आहोत, कंपनी, मॉडेल, कुठला भाग मिळाला नाही, सगळं. ती यादी ग्राहकमित्र, तुमच्याकडे पाठवू का? तक्रारींचा मसुदा करायला मदत लागेल.

---

ग्राहकमित्र (मुंबई)

जरूर पाठवा. बिलं असतील तर त्यांचे फोटो घ्या, नसतील तर मागचा सिरियल नंबर चालेल.

---

अबोली (रत्नागिरी)

धागा आत्ताच वाचला. माझ्या मिक्सरचं चटणीचं भांडं खालून गळतंय, आणि काळसर पाणी येतं. दुकानदार म्हणतो भांडंच नवीन घ्या, ते साडेसहाशेला आहे. होईल का दुरुस्त?

---

वायरमन_काका (पुणे)

होईल. काळं पाणी म्हणजे बुश झिजलाय, पात्याचा दांडा हलतोय. भांडं रिकामं करून पातं वरून धरून हलवून बघा, डावीउजवीकडे खेळत असेल तर नक्की तेच. तोवर त्यात वाटू नका, ते काळं धातूचं आणि ग्रीसचं असतं, पोटात जायला नको.

पातं, दांडा, बुश आणि वॉशर असा जोड सुटा मिळतो, भांड्याचा तळ चांगला असला की झालं. खालचं कपलर काढताना जपून. बऱ्याच मिक्सरमध्ये आटा उलटा असतो, नेहमीच्या उलट दिशेला फिरवल्यावर सुटतो. जोर लावण्याआधी दोन्हीकडे हलकं फिरवून बघा. रत्नागिरीत जोड मिळाला नाही तर भांड्याच्या तळाचा आणि कपलरचा फोटो इथे टाका, दात मोजून कुठल्या मापाचा लागेल ते सांगतो.